आयडिया टेबलावर, जीव टांगणीला: मिळून डिझाइन करताना मनात काय चालतं

मागच्या वेचणीच्या हंगामात आमच्या डिझाइनच्या वर्गातल्या चार विद्यार्थ्यांनी एक काम हाती घेतलं. कापूस वेचणाऱ्या बायकांसाठी नवी ओटी तयार करायची. ज्यांनी कधी कापूस वेचला नाही त्यांच्यासाठी सांगतो: वेचणीला निघालेली बाई जुन्या लुगड्याचं नाहीतर धोतराचं फडकं कमरेला बांधते, त्याचा पुढे झोळ करते, हीच ओटी, आणि दोन्ही हातांनी बोंडं मोकळी करत पऱ्हाटीच्या ओळीतून पुढे सरकत राहते. झोळ भरत जातो तशी कंबर ओढली जाते. वाळलेल्या बोंडांच्या टोकांनी बोटं सोलवटतात. मजुरी किलोवर असते, त्यामुळे हात थांबला की पैसा थांबला. फडक्याला पर्याय काढायचे प्रयत्न याआधीही झाले आहेत, पण आम्ही गेलो त्या शेतांत बायका फडकंच बांधत होत्या.

तिसऱ्या आठवड्यात चौघं आपापलं काम घेऊन वर्गात बसले. जालन्याकडच्या एका मुलीनं झोळाचं तोंड सतत उघडं राहावं म्हणून त्याला तारेची रिंग लावली होती. दोन आठवडे ती त्या एकाच कल्पनेवर बसली होती, कापड स्वतः शिवलं होतं. नांदेडच्या मुलानं एकदा पाहिलं आणि म्हणाला, "वाकल्यावर ही रिंग पोटात घुसणार. नाही चालायचं हे." त्याचं म्हणणं बरोबर होतं. मीही मान डोलावली आणि पुढच्या चित्राकडे वळलो.

त्यानंतरच्या दोन बैठकींत ती मुलगी एक शब्द बोलली नाही. तो मुलगाही गप्प झाला, कारण आपण काहीतरी मोडलंय हे त्याला कळलं होतं. उरलेले दोघं कशालाही "चालेल, ठीक आहे" म्हणू लागले. चौघांची हुशारी जिथल्या तिथे होती. कापड, मशीन, वेळ, सगळं होतं. काम मात्र थांबलं.

अशा वेळी आपण "मूड गेला" म्हणतो आणि विषय सोडून देतो. पण मूड नावाच्या या गोष्टीवर मानसशास्त्रात पन्नासहून जास्त वर्षं बारकाईनं काम झालंय. ते वाचल्यावर मला त्या दिवशीचा वर्ग नव्यानं दिसला.

आधी हे समजून घेऊ की डिझाइनच्या कामात मन एवढं मध्ये का येतं. मोटार दुरुस्त करायची असेल तर बिघाड मोटारीत असतो. तो कुणीही शोधला तरी तोच निघतो. डिझाइनमध्ये उत्तर आधीपासून कुठे पडलेलं नसतं, कुणीतरी ते स्वतःच्या आतून काढावं लागतं. त्यामुळे नवी कल्पना काही दिवस तिच्या माणसाला चिकटलेली असते, नुकतं व्यालेल्या गाईजवळ वासरू असतं तशी. त्या काळात वासराला हात लावला की गाय अंगावर येते. रिंग पोटात घुसेल हे वाक्य रिंगेबद्दल होतं, पण ते लागलं मुलीला. यात तिचं चुकलं असं मी मानत नाही. जीव लावल्याशिवाय कुणी दोन आठवडे कापड शिवत बसत नाही, आणि जीव लावला की तो दुखावला जाणारच.

मग हा जीव लागतो कशानं? पहिलं उत्तर बहुतेकांच्या मनात येतं ते बक्षिसाचं. स्पर्धा ठेवा, रोख रक्कम ठेवा, पोरं जोमानं कामाला लागतील. १९७१ साली एडवर्ड डेसी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं हेच तपासलं. लाकडी तुकडे जुळवून आकार बनवायचं एक कोडं त्यानं विद्यार्थ्यांना दिलं. सोडवायला गंमत वाटावी असं ते कोडं होतं. काही जणांना मधल्या एका सत्रात प्रत्येक सुटलेल्या कोड्यामागे एक डॉलर मिळाला, बाकीच्यांना कधीच काही मिळालं नाही. खरी मेख पुढे होती. दर सत्रात डेसी काहीतरी निमित्त काढून आठ मिनिटं खोलीबाहेर जायचा आणि विद्यार्थी त्या मोकळ्या वेळात काय करतात हे आडून पाहायचा. ज्यांना पैसे मिळाले होते, त्यांचे पैसे बंद झाल्यावर कोड्याकडे वळणं पहिल्यापेक्षा कमी झालं. जे आधी गंमत म्हणून करत होते, ते आता मोबदल्याचं काम झालं होतं. दोन वर्षांनी मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी बालवाडीच्या मुलांवर असाच प्रयोग केला. रंगीत पेननं चित्रं काढायची आवड असलेल्या काही मुलांना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. पुढे काही दिवसांनी ही मुलं आपणहून त्या पेनांना बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ देत होती. ज्यांना तेच प्रमाणपत्र अचानक, आधी न सांगता मिळालं, त्यांची आवड मात्र टिकली. बिघाड होता तो आधी घातलेल्या अटीत.

डिझाइनशी आणखी जवळचा प्रयोग मेणबत्तीचा आहे. कार्ल डंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं तो रचला. टेबलावर एक मेणबत्ती, काडेपेटी आणि टाचण्यांनी भरलेली खोकी. मेणबत्ती भिंतीवर अशी लावायची की मेण खाली टेबलावर सांडू नये. उत्तर असं की टाचण्या ओतून टाकायच्या, रिकामी खोकी भिंतीला टाचायची आणि तिच्यात मेणबत्ती उभी करायची. खोकीकडे टाचण्यांची डबी म्हणून पाहणाऱ्याला हे दिसत नाही. १९६२ मध्ये सॅम ग्लक्सबर्गनं लवकर सोडवणाऱ्यांना पैसे कबूल केले, आणि पैशाच्या आशेवरच्या लोकांना उलट जास्त वेळ लागला. टाचण्या आधीच खोकीबाहेर ठेवल्या, म्हणजे उत्तर जवळजवळ समोर मांडलं, तेव्हा मात्र पैशानं वेग वाढला. म्हणजे वाट ठरलेली असेल तर बक्षीस माणसाला पळवतं. वाट शोधायची असेल तर तेच बक्षीस नजर समोरच्या एका ठिकाणी खिळवून ठेवतं.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण आपल्याकडे या संशोधनाचा गैरफायदा घेतला जातो. कलेच्या आणि डिझाइनच्या माणसाला "आवडतंय ना, मग पैसे कशाला" असं म्हणणं हे अन्यायाचं आहे. छोट्या शहरांत लोगो, पत्रिका, फ्लेक्स करणाऱ्या पोरांना हे रोज ऐकावं लागतं. घरभाड्याची काळजी असलेला माणूस मोकळेपणानं विचार करूच शकत नाही. योग्य मोबदला पायाखाली हवा. प्रयोगांनी दाखवलेला धोका वेगळा आहे, तो कल्पनेच्या प्रत्येक पावलासमोर गाजर बांधण्याचा.

पुढे डेसी आणि रिचर्ड रायन यांनी यातून एक सिद्धांत उभा केला. आतून येणारी प्रेरणा तीन गोष्टींवर जगते असं ते सांगतात. हे मी माझ्या मर्जीनं करतोय ही जाणीव. मला हे जमतंय ही जाणीव. आणि मी कुणाशी तरी जोडलेलो आहे ही जाणीव. आमच्या टीमकडे हे तीन कंदील घेऊन पाहिलं तर पहिला बरा जळत होता, विषय त्यांनीच निवडला होता. दुसरा त्या बैठकीत विझला. तिसऱ्याचं तेल तर आम्ही घातलंच नव्हतं, कारण तीन आठवड्यांत चौघं फक्त एकदा शेतावर गेले होते, तेही फोटो काढून परत.

दुसऱ्या कंदिलाबद्दल हार्वर्डच्या टेरेसा अमाबिले यांचं काम मला सगळ्यांत उपयोगाचं वाटतं. त्यांनी ७ कंपन्यांतल्या २६ टीम्समधल्या २३८ लोकांना रोज संध्याकाळी दिवसाची छोटी नोंद लिहायला लावली. जवळपास १२,००० नोंदी जमल्या. लोकांचा दिवस चांगला कशानं गेला हे त्यातून शोधलं. कौतुक, बोनस, मोठ्यांचा पाठिंबा यांच्याही पुढे एक साधी गोष्ट निघाली: आज काम थोडं पुढे सरकलं. मन प्रसन्न असलेल्या दिवसांपैकी ७६ टक्के दिवशी काहीतरी पुढे गेल्याची नोंद होती, आणि सगळ्यांत वाईट दिवसांपैकी ६७ टक्के दिवशी काहीतरी मागे गेल्याची. मॅनेजर लोकांना विचारलं की माणसाला उमेद कशानं येते, तर त्यांच्या यादीत ही पुढे सरकण्याची गोष्ट तळाला होती. हे वाचताना मला घरचा माग आठवतो. पैठणी विणायला कित्येक महिने लागू शकतात, पण विणकराला रोज संध्याकाळी तुळईवर गुंडाळलेलं आजचं कापड दिसतं. डिझाइनच्या टीमला ते दिसत नाही. आठवडाभर चर्चा होते आणि संध्याकाळी हातात काही नसतं. म्हणून मी आता कच्चं चित्र, फाटलेला नमुना, नाकारलेला कागद, काहीही फेकू देत नाही. सगळं भिंतीवर लावतो. "आपण इथून इथे आलो" हे डोळ्यांना दिसायला हवं.

आता भावनांकडे येऊ. टीम खूष ठेवली की कल्पना सुचतात असं सरसकट म्हटलं जातं, आणि त्याला आधारही आहे. अॅलिस आयसेन यांनी १९८७ साली काही लोकांना पाच-दहा मिनिटं विनोदी फिल्म दाखवली आणि मग तोच मेणबत्तीचा प्रश्न दिला. हसून आलेल्यांनी तो कितीतरी जास्त प्रमाणात सोडवला. आनंदात मन ऐसपैस होतं, लांबच्या गोष्टी एकमेकींना जोडून पाहतं. पण २००८ मध्ये कार्स्टन डी ड्रू आणि सहकाऱ्यांनी यात एक महत्त्वाची भर घातली. भावना चांगली की वाईट यापेक्षा ती माणसाला जागं करते की झोपवते, हे आधी पाहावं असं त्यांचं म्हणणं. उत्साह आणि राग दोन्ही जागं करतात. निवांतपणा आणि उदासी दोन्ही शांत करतात. कल्पना जागेपणात सुचतात. आनंदानं सुचतात त्या उड्या मारत, वेगवेगळ्या दिशांना. चिडीनं सुचतात त्या एकाच जागी चिकाटीनं खणत.

याचा अर्थ असा की टीममध्ये थोडी चीड असणं हे अपयश नाही. "या बायकांच्या बोटांकडे इतकी वर्षं कुणी पाहिलं कसं नाही?" ही चीड मी एका विद्यार्थिनीच्या डोळ्यांत पाहिली आहे आणि तिचं त्या आठवड्याचं काम सगळ्यांत खोल होतं. भीती वाटावी ती मरगळीची. "चालेल, ठीक आहे" ही मरगळीची भाषा आहे. त्या दोन बैठकींत आमच्याकडे भांडण झालं असतं तर बरं झालं असतं असं मला आज वाटतं.

शिवाय मरगळ पसरते. सिगल बारसाडे यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात छोट्या गटांमध्ये एक शिकवलेला नट मिसळून दिला होता. गट बोनसच्या वाटपावर चर्चा करायचा आणि हा नट ठरल्याप्रमाणे कधी उत्साही, कधी शांत, कधी चिडखोर, कधी खचलेला वागायचा. बाकीच्यांना पत्ता नसताना त्याचा मूड त्यांना लागला. उत्साह लागलेल्या गटांत सहकार्य वाढलं, भांडणं कमी झाली. गावातल्या भजनात बसलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. एका टाळकऱ्याचा हात ढिला पडला की दोन अभंगांत सगळी बैठक जड होते, आणि एकानं वर उचललं की सगळे उचलतात. टीममध्ये सगळ्यांत जास्त लागण होते ती ज्याच्याकडे सगळे पाहतात त्याच्या चेहऱ्याची, म्हणजे शिक्षकाची किंवा टीम लीडरची. त्या दिवशी मी डोलावलेली मान चौघांनी पाहिली होती.

एकत्र बसून कल्पना काढण्याबद्दल मात्र एक गैरसमज फार पक्का बसलेला आहे. सगळ्यांनी गोल बसायचं, मनात येईल ते बोलायचं, कुणी टीका करायची नाही, की कल्पनांचा पाऊस पडतो. अॅलेक्स ऑसबर्न या जाहिरात क्षेत्रातल्या माणसानं ही पद्धत लोकप्रिय केली. १९५८ मध्ये येल विद्यापीठात ती तपासली, तर चौघं एकत्र बसून जितक्या कल्पना काढतात त्याहून जास्त तेवढीच चार माणसं एकेकटी बसून काढतात असं दिसलं. कारण पुढे १९८७ साली मायकेल डील आणि वुल्फगांग श्ट्रोब यांनी दाखवलं. एक बोलत असतो तेव्हा बाकीचे थांबतात, थांबताना आपली कल्पना विसरतात किंवा गिळतात. त्यात लोक काय म्हणतील ही धास्ती असते, आणि आपण नाही बोललो तरी चालतंय हा आळसही.

आपल्या शेतात याचं उत्तर आधीपासून आहे. खुरपणीला बायका उतरतात तेव्हा प्रत्येक जण आपली पात धरते. पात म्हणजे तिच्या वाट्याच्या ओळी. कुणी कुणाच्या पातीत हात घालत नाही, कुणाचा वेळ कुणासाठी अडत नाही, कोण किती पुढे गेलं ते सगळ्यांना दिसतं. तरीही रान एकच असतं, गप्पा चालू असतात, आणि एखादी मागे पडली की शेजारची आपली पात संपवून तिच्या पातीला लागते. डिझाइनची बैठक अशी घ्यावी. आधी वीस मिनिटं प्रत्येकानं एकट्यानं, गप्प, कागदावर आपली पात काढायची. मग सगळे कागद एकत्र मांडायचे आणि एकमेकांच्या पातीला हात लावायचा. मी हे तीन वर्षं करतोय. कधी न बोलणाऱ्या, खेड्यातून आलेल्या, इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलांचे कागद तेव्हा पहिल्यांदा टेबलाच्या मध्यभागी येतात.

बोलण्याची धास्ती हा स्वतंत्र विषय आहे. एमी एडमंडसन रुग्णालयांतल्या टीम्सचा अभ्यास करत होत्या तेव्हा आकडे उलटे आले. चांगल्या टीम्समध्ये औषध देतानाच्या चुका जास्त नोंदल्या गेल्या होत्या. खोलात गेल्यावर कळलं की त्या टीम्स चुका जास्त करत नव्हत्या, चुकांबद्दल मोकळेपणानं बोलत होत्या. इतर ठिकाणी चुका लपत होत्या. १९९९ साली त्यांनी एका कारखानदार कंपनीतल्या ५१ टीम्सवर हे पुन्हा पाहिलं. जिथे "मी चुकलो", "मला कळलं नाही" असं म्हणायला भीती नसते, तिथे लोक जास्त शिकतात. याचा अर्थ सगळ्यांनी गोड बोलायचं असा नाही. नांदेडच्या मुलानं रिंगेबद्दल बोलायलाच हवं होतं. तो गप्प राहिला असता तर ती रिंग शेतात एखाद्या बाईच्या पोटात घुसली असती.

म्हणजे टीका हवी, पण ती माणसाला न लागता कामाला लागली पाहिजे. हे स्वभाव बदलून होत नाही, मांडणी बदलून होतं, आणि यासाठी मला सगळ्यांत पटलेला प्रयोग तेव्हा स्टॅनफर्डला असलेल्या स्टीव्हन डाऊ आणि सहकाऱ्यांचा आहे. २०१० मध्ये त्यांनी ३३ जणांना एका मासिकासाठी इंटरनेटवरच्या जाहिराती बनवायला दिल्या. अर्ध्यांनी एक जाहिरात करायची, तिच्यावर अभिप्राय घ्यायचा, मग पुढची करायची, पुन्हा अभिप्राय. उरलेल्यांनी आधी तीन जाहिराती सोबतच करायच्या आणि मग तिन्हींवर अभिप्राय घ्यायचा. काम सगळ्यांचं सारखंच, अभिप्रायही तेवढाच. तीन सोबत करणाऱ्यांच्या शेवटच्या जाहिराती जास्त चांगल्या ठरल्या, लोकांनी त्यांच्यावर जास्त क्लिक केलं, आणि आपल्याला हे जमतं हा त्यांचा विश्वास वाढला. एकेक करणाऱ्यांचा तो वाढला नाही, आणि त्यांच्यातल्या अनेकांना अभिप्राय म्हणजे आपल्यावरची टीका वाटली. पुढच्याच वर्षी जोड्यांनी काम करणाऱ्यांवर प्रयोग झाला. एकमेकांना एकच कल्पना दाखवणाऱ्यांपेक्षा अनेक कल्पना दाखवणाऱ्या जोड्यांचं काम सरस निघालं आणि आपसातला सूरही चांगला जुळला.

यातली युक्ती साधी आहे. एकच चित्र समोर ठेवलं की ते चित्र म्हणजेच मी. तीन ठेवली की मीसुद्धा समोरच्यासोबत बसून त्यांच्याकडे पाहू शकतो. "हे चांगलं की वाईट" या प्रश्नाच्या जागी "यातलं कोणतं कुठे बरं" हा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर देताना कुणाचा पाणउतारा होत नाही.

पुढच्या बैठकीपासून आम्ही नियम केला: प्रत्येकानं तीन नमुने आणायचे, आणि ते वर्गात नाही, शेतात दाखवायचे. बदनापूरजवळच्या एका रानात आम्ही बारा फडकी, पट्टे, पिशव्या घेऊन गेलो. जालन्याच्या मुलीनं रिंग आणली होतीच, पण या वेळी ती तारेऐवजी पातळ बांबूच्या कामटीची आणि फक्त अर्धगोल होती. सोबत दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एका मावशींनी रिंगवाली ओटी बांधली, वाकून दोन झाडं वेचली आणि म्हणाल्या, "पोरी, तोंड उघडं राहतंय हे लई बेस झालं. पण भरल्यावर रिकामं कसं करायचं? एक हात तर झाडालाच असतोय." मुलीनं वही काढली. रिंग चालली की नाही यापेक्षा तिला आता तो हात महत्त्वाचा वाटत होता. नांदेडच्या मुलाकडे एका हातानं सुटेल अशी गाठ होती, त्याचे आजोबा बैलगाडीला लावायचे ती. त्यानं ती तिच्या ओटीच्या तळाला लावून दाखवली. दोघं बांधावर बसून पाऊण तास त्या गाठीशी खेळत होते. मधल्या दोन गप्प बैठकींचा विषय त्यांच्यात कुणी काढला नाही, मीही नाही.

त्या दिवशी मावशींनी चारही जणांना अर्धा तास वेचायला लावलं. एका मुलाची बोटं सोलवटली. परतीच्या एसटीत तो हातमोज्याचं चित्र काढत होता, आणि त्यानंतर त्याच्या तोंडून "चालेल, ठीक आहे" हे शब्द मी ऐकले नाहीत.

ओटी अजून पुरी झालेली नाही. तळाची गाठ बायकांना आवडली. अर्धगोल कामटी दोघींना आवडली, एकीनं काढून टाकली. मानेवरून जाणारा पट्टा मात्र कुणालाच पसंत पडला नाही, घामानं काचतो. चौघांनी सहा नवे पट्टे शिवायचे ठरवलेत, सुती, रुंद, खांद्यावर फासा घेणारे. मावशींनी सांगून ठेवलंय, पहिल्या वेचणीलाच या, तेव्हा बोंडं दाट असतात आणि वजन लवकर भरतं.